मुली जूनमध्ये आल्या, पाऊसही जूनमध्येच आला

परभणीहून एका ताईंचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय. खाली त्या, मिस्टर आणि ७२ वर्षांच्या सासूबाई राहतात. घर २००९ चं, वरचा मजला नंतर चढवलेला. सासूबाईंचे गुडघे धरले म्हणून दोन वर्षांपूर्वी खालचं इंडियन भांडं काढून कमोड बसवलं. ते पहिल्यापासून जरा सुस्तच, पण चालून जायचं. यंदा जूनमध्ये वर नर्सिंगच्या चार मुली भाड्यानं आल्या आणि जुलैपासून खालचं कमोड तुंबायलंय. फ्लश केलं की पाणी काठापर्यंत चढतं आणि मग सावकाश उतरतं. सकाळी वर पाणी सोडलं की खालच्या न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येतात, वास सुटतो. एका प्लंबरनं तीनदा ॲसिड ओतलं, दुसरा म्हणतो अख्खं बाथरूम फोडावं लागंल, तिसरा म्हणतो संडासची टाकी भरली, मैला उपसायची गाडी बोलवा. टाकी पोर्चच्या फरशीखाली कुठंतरी आहे, आजवर कधी उपसलेली नाही. सासूबाई आणि मिस्टरांचं मत ठाम आहे की मुली पॅड टाकतात, त्यांना काढा. मुली म्हणतात आम्ही नाही टाकत. त्या भाड्यातून ताईंच्या मुलाच्या शिक्षणाचा हप्ता जातो. महालक्ष्म्या तीन आठवड्यांवर आल्यात, ३०-३५ माणसं जेवायला. ताई विचारतात, "मुलींना घर सोडायला सांगू का, आणि सणाच्या आधी बाथरूम फोडून घेऊ का?"

ताई, उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे वाचताना जीव टांगणीला नको. मुलींना आत्ता काही बोलू नका आणि बाथरूमला हातोडा लावू नका. दोन्ही गोष्टी पुढंमागं करता येतील, पण एकदा केल्या की मागं घेता येत नाहीत, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी कुणावर बोट ठेवावं एवढा पुरावा दिसत नाही.

आमचं जालन्यात सॅनिटरी सामानाचं दुकान, गल्ल्यावर मी बावीस वर्षं बसलेय. माणूस सकाळी सकाळी वैतागून यायचा, "वहिनी, ॲसिडची बाटली द्या". बाटली काढायच्या आधी मी विचारायचे की एकच तुंबलंय का सगळंच, कधीपासून, आणि घरात सगळ्यात खालच्या लेव्हलला काय आहे. एवढं विचारल्यावर बऱ्याच जणांना कळायचं की आपल्याला बाटली लागतच नाही. तुमचं पत्र मी तसंच वाचलं, तीनदा वाचलं, आणि त्यात तुम्हीच सगळं लिहून ठेवलंय, फक्त ते मुलींच्या नावाखाली झाकलं गेलंय.

मुली जूनमध्ये आल्या, बरोबर. पण ताई, पाऊसही जूनमध्येच आला की. आणि परभणीची जमीन तुम्हाला मी काय सांगावी, गोदावरीच्या पट्ट्यातली भारी काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा शोषखड्ड्यातलं, म्हणजे संडासच्या टाकीतून बाहेर पडणारं पाणी जिथं जमिनीत मुरतं त्या खड्ड्यातलं, पाणी त्या भेगांतून गपागप जातं आणि आपल्याला वाटतं खड्डा मस्त चाललाय. दोन-चार मोठे पाऊस झाले की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि ती पाणी पिणंच बंद करते. मग शोषखड्डा भरतो, त्याच्या मागं सेप्टिक टँकची, म्हणजे आपल्याकडं ज्याला सगळे सेफ्टी टँक म्हणतात तिची लेव्हल चढते, टाकीत येणाऱ्या पाइपचं तोंड पाण्यात बुडतं, लाइन भरते, आणि हे सगळं शेवटी दिसतं ते घरातल्या सगळ्यात खालच्या जागी. तुमच्या घरात ती जागा म्हणजे खालची न्हाणी आणि सासूबाईंचं कमोड. जूनमध्ये पाऊस सुरू, जुलैत माती पुरती भिजली, जुलैत तुंबलं. तारखा मुलींशी जुळतात तशाच पावसाशीही जुळतात, आणि घरात कुणाला पावसावर रागावता येत नाही म्हणून राग जिन्यानं वर गेला.

मुलींचा संबंधच नाही असं मी म्हणत नाहीये. घरात तीन माणसं होती ती सात झाली, म्हणजे टाकीत जाणारं पाणी दुपटीपेक्षा जास्त झालं, आणि चौघींनाही सकाळी एकाच वेळेला ड्युटीवर जायचं असतं. त्यांनी काहीही चुकीचं टाकलं नसलं तरी तुमच्या लाइनीवरचा भार वाढलाच आहे. पण हा त्यांचा गुन्हा होत नाही, तुम्ही मजला भाड्यानं दिला तेव्हाच हे ठरलं होतं.

आता कमोडचं. "दोन वर्षांपूर्वी बसवलं तेव्हापासून सुस्त" हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मला मात्र तिथं थांबावं वाटलं, कारण हा दोष ना मुलींचा ना पावसाचा. इंडियन भांड्याच्या खाली जमिनीत वेगळा ट्रॅप असतो, ते वाकडं वळण ज्यात पाणी साठून राहतं आणि वास अडतो. कमोडला तसला ट्रॅप त्याच्या पोटातच असतो. घाईत काम करणारा मिस्त्री वरचं भांडं काढतो, खालचा जुना ट्रॅप तसाच ठेवतो आणि त्याच्यावर कमोड बसवून मोकळा होतो. मग एकामागं एक दोन ट्रॅप होतात, मधे हवा कोंडते, फ्लशचा जोर तिथंच मरतो. काठापर्यंत पाणी चढून मग गुळगुळ करत सावकाश उतरणं, हे त्याचंही लक्षण असतं. तुमच्याकडं तसंच झालंय असं मी इथं बसून छातीठोक सांगणार नाही, पण ज्यानं बसवलं त्याला एवढं विचारा की "जुना ट्रॅप काढला होता का?" तो "हो" पटकन म्हणतो का जरा थांबून म्हणतो तेही बघा.

म्हणजे माझ्या मते तुमच्याकडं बहुतेक दोन वेगळे आजार आहेत, एक जुना आणि बारीक, एक पावसाळी आणि मोठा, आणि तिन्ही प्लंबर एकाच औषधानं दोन्ही बरे करायला निघालेत. म्हणून आधी नेमकं कुठं अडलंय ते शोधायचं. त्याला मशीन लागत नाही, दहा लिटरची बादली, चमचाभर नीळ, एक पहार आणि मिस्टरांची रविवारची दुपार एवढंच लागतं.

पहिलं बादलीचं. दुपारी अडीच-तीनला, मुली ड्युटीवर आणि वर कुणी नसताना, कमोडमध्ये बादली कमरेच्या उंचीवरून एका दमात ओता. थोडं थोडं नको, एकदम. आधीच पाणी काठाला असेल तर मात्र ओतू नका, उतरू द्या. हेच दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात-आठला, वर सगळ्यांच्या अंघोळी चालू असताना करा. दुपारी बादली घळकन गेली आणि सकाळी अडली, तर कमोडमध्ये काही नाही, दोष पुढं लाइनीत नाहीतर टाकीत आहे. दोन्ही वेळेला सारखीच अडली, तर संशय कमोडवर, त्याच्या पोटात काहीतरी अडकलंय किंवा तो दुहेरी ट्रॅप. आणि दोन्ही वेळेला बादली झकास गेली पण फ्लशनं मात्र जात नाही, तर ड्रेनेजला उगाच बोल लागतोय, दोष फ्लशच्या टाकीत आहे. टाकी अर्धीच भरत असेल, किंवा कमोडच्या काठाखालची बारीक भोकं बोअरच्या क्षारानं बुजली असतील. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड ते गिझरची कॉइल बघितली की कळतं, तोच पांढरा थर तिथं बसतो. कमोडच्या कडेखाली आरसा धरून बघा, भोकं दिसली नाहीत तर तारेनं मोकळी करा.

मग चेंबर. तुमच्या घराच्या बाजूनं भिंतीपासून दीड-दोन फुटांवर सिमेंटची चौकोनी झाकणं असतील, वरून येणारा उभा पाइप जिथं जमिनीत जातो तिथून ती ओळीनं टाकीकडं जातात. पहारीनं झाकणं उचला, हातात रबरी मोजे घाला, थोडा वेळ उघडी ठेवून वारा लागू द्या, लहान लेकरं आसपास नकोत. आता एकानं आत जाऊन कमोडमध्ये चमचाभर कपड्याची नीळ टाकायची आणि फ्लश करायचं, दुसऱ्यानं चेंबरपाशी उभं राहायचं. निळं पाणी काही सेकंदात झपकन आलं आणि पुढं गेलं तर तेवढा टप्पा साफ. उशिरा आलं, झिरपत आलं, तर मधे काहीतरी आहे. कमोड काठोकाठ आणि पहिलं चेंबर कोरडं असेल तर अडथळा त्या दोघांच्या मधे. पहिलं भरलंय आणि दुसरं रिकामं, तर दोन चेंबरच्या मधे. आणि सगळी चेंबर एकाच लेव्हलला तुडुंब भरून उभी असतील तर लाइन निर्दोष आहे, टाकी नाहीतर तिच्या पुढचं अडलंय. तुमच्याकडं हेच निघेल असं मला वाटतं, कारण न्हाणीतले बुडबुडे तेच सांगतायत. वरून पाणी खाली येतं तेव्हा पाइपमधल्या हवेला पुढं जायला जागा नसते, मग ती खालच्या न्हाणीच्या ट्रॅपमधलं दोन इंच पाणी फोडून वर येते.

तसा या बुडबुड्यांचा अजून एक अर्थ असतो. गच्चीवर जाऊन व्हेंट पाइप बघा, तो उभा पाइप गच्चीच्या वर उघड्या तोंडानं गेलेला असतो ना, तोच. डास येऊ नयेत म्हणून त्याला जाळी बांधतात ते चांगलंच, पण धूळ आणि कोळिष्टकांनी जाळी बुजली की हवा येणं-जाणं बंद. तुम्ही वरचा मजला नंतर चढवलाय, त्या कामात गवंड्यानं तो पाइप कापून त्याला टोपण मारलेलं असूही शकतं. शिडी लावून बघायला पाच मिनिटं लागतात, एवढं आधी बघा.

चेंबरमध्ये काय निघतंय ते नीट बघा आणि फोटो काढून ठेवा. पॅड असतील तर दिसतीलच, ते विरघळत नाहीत, पाणी पिऊन फुगून बसतात. तेव्हा मुलींशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी असेल. पण तिथं वाळू-सिमेंटचे गोळेही निघू शकतात, वरच्या मजल्याच्या कामात माल लाइनीत पडलेला असतो. टँकरच्या पाण्याचा गाळ निघतो, केसांचा गुंता निघतो, शाम्पूच्या पुड्या निघतात, कमोडला लटकवायच्या वासाच्या वडीचा प्लास्टिकचा पिंजरा निघतो. आणि झाडाची मुळं निघतात.

मुळांचं मी मनावर दगड ठेवून सांगते. आमच्या मागच्या अंगणात मोठा कडुलिंब आहे. काही वर्षांपूर्वी आमची लाइन अशीच सारखी तुंबायची आणि मी ठरवून टाकलं होतं की आमच्या धुण्याभांड्याच्या मावशी भांड्याची राख आणि खरकटं मोरीत लोटतात. मी त्यांना चारचौघात बोलले. त्या काही बोलल्या नाहीत, पदरानं हात पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. पंधरा दिवसांनी चेंबर उघडलं तर जुन्या भाजक्या मातीच्या पाइपच्या सांध्यातून कडुलिंबाची मुळं आत शिरलेली, बाईच्या वेणीसारखी जाड, चार फूट लांब. राखेचा कण नव्हता. मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली, त्या परत आल्या, पण त्यानंतर मोरीत काहीही सांडलं की त्या आधी माझ्याकडं बघायच्या. ते बघणं मला अजून आठवतं. म्हणून म्हणते ताई, चेंबरचं झाकण उचलायच्या आधी चार परक्या लेकींना घराबाहेर काढू नका.

आता तिसऱ्या प्लंबरचं "टाकी भरली". हे इतक्या घरांत ऐकायला मिळतं की जरा सविस्तर सांगते. सेफ्टी टँक भरलेलीच असते. बांधून वापरायला लागलं की थोड्याच दिवसांत ती भरते आणि मग कायम भरलेलीच राहते, ती तशीच चालते. खाली गाळ बसतो, वर साय धरते, मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढच्या पाइपनं शोषखड्ड्यात जातं, जितकं आत आलं तितकंच बाहेर. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा दोन इंच खाली ठेवलेला असतो तो त्याच्यासाठीच. त्यामुळं झाकण उघडून "बघा, भरली" म्हणण्याला अर्थ नाही, बघायचं ते हे की पाण्याची लेव्हल आत येणाऱ्या पाइपच्या खाली आहे का वर. वर असेल तर पुढं अडलंय, शोषखड्डा पीत नाहीये किंवा मधला पाइप बुजलाय. लेव्हल बरोबर आहे पण गाळच टाकीच्या एक तृतीयांशपर्यंत चढलाय, तर उपसायची वेळ झाली. साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावी असं धरतात, तुमची २००९ पासून उपसलेली नाही, तेव्हा गाळ असणारच. म्हणजे तिसऱ्या प्लंबरचं अर्धं बरोबर आहे, गाडी बोलवाच, फक्त त्यानं दुखणं संपेल असं समजू नका.

कारण ती गाडी हीसुद्धा एक तपासणीच आहे. टाकी उपसल्यावर किती दिवस सुख लागतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. सात माणसांचं अंघोळीसकट पाणी टाकीत जात असेल तर रोजचे पाचशे-सहाशे लिटर सहज होतात, मग तीन हजार लिटरची टाकी पाच-सहा दिवसांत परत भरते. आठवड्याभरात पुन्हा तुंबलं तर गाळाचा दोष नव्हता, शोषखड्ड्याचा होता. चार-सहा महिने निवांत गेले तर गाळच होता. आणि अंघोळीचं, वॉशिंग मशीनचं पाणी त्याच टाकीत सोडलेलं असेल तर ते आधी वेगळं करा, माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडेल. ते पाणी आंब्याच्या आळ्यात सोडा, नारळाला सोडा, साबणाचं थोडंफार झाड सोसतं. टाकीत फक्त संडासचं जाऊ द्या.

टाकी शोधायला अख्खा पोर्च फोडू नका. शेवटच्या चेंबरपासून सरळ रेष धरा आणि पहारीच्या टोकानं फरशी ठोकत जा, पोकळ आवाज येईल तिथं दोन फरश्या उचला.

आणि हे मात्र कानाला खडा लावून घ्या. टाकीत कुणालाही उतरवायचं नाही. पाचशे रुपये जास्त घेऊन उतरतो म्हणणारा माणूस भेटतो, त्याला नाही म्हणा. आतला वायू सडक्या अंड्यासारखा वास मारतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस शुद्ध हरपून खाली पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. काडी ओढून किंवा दिवा सोडून बघायचं नाही, आत पेट घेणारा वायूही असतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि गटार साफ करताना कुणाचा जीव गेला तर ३० लाखांची भरपाई द्यायची असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये ठरवलंय. मशीनची गाडीच बोलवायची, नगरपालिका-महानगरपालिकेत चौकशी करा, १४४२० ही त्यासाठीचीच हेल्पलाइन आहे. झाकण उघडल्यावर काठाशी वाकून बघायचं नाही, टॉर्च लांबून मारा.

ॲसिडवाल्याला आता परत बोलवू नका. ॲसिडनं क्षार निघतो, कमोडच्या आतले पिवळे डाग निघतात, तेवढ्यापुरतं ते ठीक. पॅड, कापड, केस, मुळं यातलं काहीच त्यानं विरघळत नाही. उलट सिमेंटचे सांधे खातं, आणि टाकीत गेलं की मैला पचवणारे जिवाणू मारतं, मग गाळ अजून लवकर साठतो. तीनदा ओतलंय म्हणता, तर पुढच्या माणसानं पंप मारायच्या आधी त्याला हे सांगा, डोळ्यात उडालं तर नजर जाईल. आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर कधीच नाही, विषारी वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो छाती धरतो. कॉस्टिक सोडा आणि ॲसिडही एकत्र नको, उसळी मारतं.

बाथरूम फोडायचं कधी? चेंबर कोरडं आणि कमोड अडलेलं असं निघालं, लाइन मोकळी करायची लांब स्प्रिंग घालूनही सुटलं नाही, तर. तेव्हाही अख्खं नाही, फक्त कमोड उचलायचं, खालचा जुना ट्रॅप काढायचा, पाइप सरळ जोडायचा, एका दिवसाचं काम आहे. उतारही तेव्हाच बघून घ्या, चार इंची पाइपला दहा फुटाला तीन इंच उतार लागतो. आपल्या मातीत पाइप हलतात, फुगवट्यानं मधेच वर उचलले जातात आणि तिथं मैला बसतो, म्हणून लाइन नवी टाकताना खाली मुरूम दाबून घ्यायला सांगा, नुसत्या काळ्या मातीवर टाकू देऊ नका. शोषखड्ड्याचंही तेच, काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली नेला तरच तो पावसाळ्यात चालतो. नवीन खड्ड्याची जागा ठरवताना तिथं फूटभराचा लहान खड्डा घ्या, रात्रभर पाण्यानं भिजत ठेवा, सकाळी परत पाणी घाला आणि घड्याळ लावून बसा. इंचभर पाणी उतरायला तासापेक्षा जास्त लागला तर ती जागा शोषखड्ड्याच्या कामाची नाही. बोअरपासून पन्नास-साठ फूट लांब ठेवा. हे सगळं दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर.

तुमच्यासारखी बरीच पत्रं असतात म्हणून इतरांसाठीही एक सांगते. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथं संडासात मगानं मोजून पाणी टाकायची सवय लागलेली असते, आणि ती सवय टंचाईनं लावलीय, कुणाला त्याबद्दल बोलायचा हक्क नाही. पण शहरी भांड्याला दोन मग पाण्यानं मैला ट्रॅपमधून सुटतो आणि पुढं लाइनीत अडकून वाळतो. गावाकडच्या उभ्या उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पुरतं, कमोडला नाही. तेव्हा धुण्याचं शेवटचं खळबळीचं पाणी बादलीत साठवा आणि दिवसातून एकदा अख्खी बादली एका दमात ओता, लाइन धुऊन निघते. उन्हाळ्यात न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीत आठवड्याला तांब्याभर पाणी टाका, ट्रॅप वाळला की वास आणि झुरळं तिथूनच येतात, आणि लोक उगाच चोक-अप समजून प्लंबर बोलावतात.

आता मुलींशी बोलायचं ते. चेंबरमध्ये पॅड निघोत न निघोत, त्यांच्या बाथरूममध्ये झाकणाची कचऱ्याची बादली आणि जुन्या पेपरांचा गठ्ठा ठेवा. तुम्ही स्वतः जाऊन ठेवा, मिस्टरांच्या हाती पाठवू नका. बऱ्याच भाड्याच्या घरात मुलींना पॅड टाकायला जागाच नसते, घंटागाडी सकाळी त्या ड्युटीवर असताना येऊन जाते, खाली डब्यात टाकायला जावं तर घरमालकांच्या नजरेसमोरून जावं लागतं. हे मी मुलीची आई म्हणून सांगतेय. त्यांना म्हणा, "पिशवी बांधून जिन्यात ठेवत जा, सकाळी मी गाडीत टाकते". आणि सकाळी सात ते आठ चौघींनी एकदम पाणी न सोडता जरा पुढंमागं करा एवढी विनंती करा. सासूबाईंना सांगताना मुलींची बाजू घेतेय असं वाटू देऊ नका, त्यांना चेंबरपाशी खुर्ची टाकून बसवा आणि निळं पाणी कुठून किती वेळात येतंय ते त्यांनाच बघू द्या. ७२ व्या वर्षी रोज सकाळी आपलं पोट मोकळं व्हायच्या आधी संडास तुंबलंय का ते बघावं लागणं हे हाल आहेत ताई, त्यांचा राग त्यातून येतोय. दुखणं सापडेपर्यंत त्यांच्यासाठी मुली उठायच्या आधी, सहाच्या आत, बाथरूम मोकळं ठेवा, ती वेळ लाइनीला सगळ्यात सोपी असते.

महालक्ष्म्यांचं असं करा. बादली आणि चेंबरची तपासणी याच रविवारी. व्हेंट त्याच दिवशी. अंघोळीचं पाणी वेगळं करता येत असेल तर दोन पाइप आणि एक एल्बो, पुढच्या आठवड्यात. गाडी मात्र आत्ता लगेच बोलवू नका, महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशीची सांगा, म्हणजे तिन्ही दिवस टाकीत जागा राहील, पाऊस लागला तरी. पूर्ण कोरडी करू देऊ नका, तळाला फूटभर राहू द्या, भिजलेल्या जमिनीत रिकाम्या टाकीच्या भिंतींवर बाहेरून दाब येतो. जेवणाच्या दिवशी भांडी मागच्या अंगणात घासा, पुरणाचं कटाचं पाणी आणि तेल मोरीत जाऊ देऊ नका. आणि गाडीवाल्याला फोन आजच करून तारीख पक्की करून ठेवा, या दिवसांत सगळ्यांच्याच टाक्या वर आलेल्या असतात, ऐन वेळी गाडी मिळत नाही.